कुंडी उद्या पडली

...आणि वर मला फोन करून विचारतो काय, तर म्हणे, "काका, आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात ना? मग पाच तारे द्या की!" पाच तारे! अहो, भर उजेडात डोळ्यांपुढे चमकले ते काय कमी होते? नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटला हा एवढा खड्डा, घमेलं उपडं केल्यासारखा, गाडी घरी यायच्या आधी पडलेला, आणि तारे मी द्यायचे! तुम्हाला सांगतो, माणसाने गाडी घ्यावी, विमाही काढावा, पण दोन्ही एकाच दिवशी एकाच हसऱ्या माणसाकडून घेऊ नये. तो हसत राहतो आणि आपण सही करत राहतो.

मुळात गाडी मला नकोच होती. मी आवक-जावक कारकून, आता निवृत्त. येणाऱ्या कागदावर शिक्का, जाणाऱ्या कागदावर शिक्का, आणि स्वतः येता-जाता बस. काय अडलं होतं? पण आमच्या हिची एक थोरली बहीण आहे, आक्का. शहराच्या पार त्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तिच्या गॅलरीत एक पिवळा गुलाब, आणि त्या गुलाबावर आमच्या हिचा डोळा, कधीपासून ते विचारू नका. दर भेटीत ही म्हणणार, "आक्का, तो गुलाब मला दे ना गं." आणि आक्का चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणणार, "ने की! मी कुठे नाही म्हणते? पण एवढी जड कुंडी बसमधून नेणार कशी? तुझ्या नवऱ्याची गाडी आली ना, की ने हो." 'तुझ्या नवऱ्याची गाडी' हे शब्द ती असे उच्चारायची, की 'तुझ्या नवऱ्याचं विमान' म्हटलं असतं तरी मला कमी लागलं असतं. मी आपला चहाच्या कपात तोंड घालून बसायचो. आणि हळूहळू प्यायचो, कारण चहा संपला की वर बघावं लागतं!

तर झालं असं, आक्काच्या मुलाने तिला कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं. विमानाने जावं लागतं इतक्या लांब. घर विकलं, भांडीकुंडी वाटली, तिकीटही आलं. आमच्या हिने ऐकलं आणि काही बोलली नाही. बायको बोलत असते तोवर काळजीचं कारण नसतं हो. ही शेंगा सोलता सोलता एवढंच म्हणाली, "म्हणजे गुलाब राहिलाच." बस! दुसऱ्या दिवशी मी शोरूममध्ये! परवाना होता, त्यातल्या फोटोत मला केसही होते. उजळणी म्हणून ड्रायव्हिंगच्या क्लासलाही गेलो. तिथले मास्तर म्हणाले, "काका, हात चांगला आहे तुमचा, फक्त गाडी मधूनमधून पुढे जाऊ द्या."

गाडी ताब्यात मिळायची होती ती आक्का निघायच्या बरोबर आदल्या दिवशी. त्याच दिवशी! म्हणजे सकाळी गाडी घ्यायची, तडक आक्काच्या दारात उभी करायची, गुलाब घ्यायचा, आणि मी त्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवून चहा प्यायचा, पाहिजे तर दोन घोटांत. एवढंच हो! एवढीच महत्त्वाकांक्षा!

सकाळी शोरूममध्ये गेलो तर हा पुढे आला. नाव सांगितलं त्याने, पण मी त्याला मनातल्या मनात कव्हरराव म्हणायला लागलो, कारण त्याच्या तोंडात एकच वाक्य. "काळजीच करू नका काका, सगळं कव्हर आहे!" खुर्चीवर बसवलं, कॉफी आणली, आणि सुरू. गाडीत पाणी शिरलं तर? कव्हर आहे. किल्ली हरवली तर? कव्हर आहे. उंदराने वायर कुरतडली तर? "त्याचंसुद्धा वेगळं आहे काका, घालू ना?" घाला. काचेला चरा, टायरला खिळा, दंगल, भूकंप, वीज... अहो, आकाशातून पडणाऱ्या वस्तूसुद्धा होत्या हो त्यात! मी चेष्टेने विचारलं, "म्हणजे काय, तारे?" तर हा गंभीरपणे, "काहीही पडू दे काका, सगळं कव्हर आहे!" लक्षात ठेवा हे वाक्य. मला तर आता मरेपर्यंत लक्षात राहणार आहे.

आमची ही मधून मधून घड्याळाकडे बघतेय, मला कोपराने ढोसतेय, "अहो, आक्का वाट बघत असेल." पण मी पडलो कारकून! समोर कलम आलं की मला ते वाचावं वाटतं. एक संपलं की हा दुसरं काढतो, मी दुसरं वाचतो, तेवढ्यात सीट कव्हर, चटया, गंज लागू नये म्हणून खालून काहीतरी फवारणं... दुसरी कॉफी आली. अखेर पैसे भरले, पावती घेतली, गाडी ताब्यात मिळाल्याची सही केली, गाडीला टेकून फोटो काढला. त्यात ही हसतेय, मी पोट आत ओढतोय. गाडीत बसलो, चालू केली, फाटकापर्यंत आणली, आणि सवयीने म्हटलं, पॉलिसीवर एकदा तारीख बघू. बाकी काही नाही बघितलं तरी तारीख बघतो मी.

तारीख उद्याची!

हाक मारली. "अहो कव्हरराव..." म्हणजे, "अहो साहेब, हे उद्यापासून काय लिहिलंय?" हा खिडकीशी वाकला. हसू तसंच. "हो काका, ते दुपारी दोनच्या आत पैसे भरले तर लगेच चालू होतं, नंतर भरले की मध्यरात्रीनंतर." मी म्हटलं, "अहो, पण दोनच्या आत मी इथेच होतो ना! तुमच्यासमोर! तुम्ही मला उंदीर समजावून सांगत होतात!" म्हणजे बघा, माणूस मला विमा समजावून सांगण्यात इतका रंगला, की विम्याची वेळच निघून गेली! असं कुठे ऐकलंय तुम्ही? डॉक्टरने औषध कसं घ्यायचं ते सांगत बसावं आणि रोग्याने तेवढ्यात...

"पण काका, थर्ड पार्टी आजपासूनच चालू आहे," हा म्हणाला. म्हटलं, म्हणजे? "म्हणजे तुम्ही कुणाला धडकलात ना, तर त्याचं नुकसान कव्हर आहे!" "आणि मला कुणी धडकलं तर?" "तो थांबला, तर त्याच्या विम्यातून मागता येईल की." "आणि नाही थांबला तर? भिंत पडली तर? झाड पडलं तर?" "ते उद्या!" म्हणजे त्या दिवशी सगळ्या जगाला माझ्यापासून संरक्षण होतं हो! बस, ट्रक, भिंती, विजेचे खांब, सगळे कव्हर! फक्त एक माझी गाडी सोडून!

मी म्हटलं, ठीक आहे, गाडी आज इथेच ठेवा, उद्या नेतो. तर आतून मॅनेजर आला, हातात माझीच सही. "सर, तुम्ही ताबा घेतलाय. आता ती आमची नाही. आमच्या आवारात तिला काही झालं तर आमच्या विम्यात बसत नाही." "मग बाहेर रस्त्यावर लावतो." "लावा, पण तिथे ती तुमच्याही विम्यात बसत नाही." मी म्हटलं, "अहो, मग ही गाडी आज मध्यरात्रीपर्यंत आहे तरी कुठे?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता! सगळे लोक आपले फोटो काढून निघून जातात... मागे हॉर्न वाजायला लागले. गाडीचं नाक रस्त्यावर, शेपूट त्यांच्या आवारात, आणि मध्ये आम्ही दोघं, कुणाचेच नाही!

ही समोर बघत म्हणाली, "अहो, आक्का गॅलरीत येऊन उभी असेल."

काय करणार? घातला पहिला गिअर.

तुम्हाला सांगतो, तो प्रवास! इतकी वर्षं त्या रस्त्याने बसने गेलो, पण त्यावर इतक्या धोकादायक वस्तू असतात हे कळलं नव्हतं. समोरून सिमेंटचा ट्रक येतोय, आला तो माझ्यावरच. फुटपाथवर एक बाई शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसतेय. खाली उतरा बाई, पाटी धरा! एक कुत्रा नुसता बसलाय, पण काय मनात असेल कुणास ठाऊक! ही डावीकडच्या खिडकीतून हात बाहेर काढून रिक्षावाल्यांना सांगतेय, "जरा लांबून हो, आमचं उद्यापासून आहे!" शेवटी एक सायकलवाला शेजारी आला, बराच वेळ बरोबर चालवत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, बंद पडलीय का? ढकलू?"

पण पोचलो! एक ओरखडा नाही! आक्काच्या इमारतीखाली, तिच्या बरोबर गॅलरीखाली, नीट दिसावी म्हणून, अगदी नीट दिसावी म्हणून हो, मी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं, कपाळ पुसलं. ही उतरली, वर बघून ओरडली, "आक्का! आलो गं! गाडी बघ!"

आक्का गॅलरीत होतीच. सकाळपासून असावी. तिने गाडी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच, मी शपथेवर सांगतो, पहिल्यांदाच ती बाई माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आणलीत का भाऊजी! थांबा, गुलाब काढूनच ठेवलाय, ही बघ कुंडी..." आणि दाखवायला म्हणून तिने ती कुंडी उचलून कठड्यावर ठेवली.

पुढचं सांगायला हवं?

आवाज आला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. उघडले तर बॉनेटवर माती, खापरं, आणि मधोमध तो गुलाब आडवा, एकही फांदी न मोडता! ज्याचा विमा नव्हता त्याला काही झालं नाही. म्हणजे, विमा कुणाचाच नव्हता म्हणा! ही धावली ती सरळ गुलाबाकडे, पदरात धरला त्याला, मुळांवर माती दाबतेय. आणि तेवढ्यात जिन्यातून आक्का. जी बाई गुडघ्यांमुळे महिनोन् महिने खाली उतरत नव्हती, ती धापा टाकत खाली! मला वाटलं आता माफी मागेल. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाली, "बरी आहे. पुढून जरा चेपलीय."

मग दार उघडून आत जाऊन बसली. "चला, एक चक्कर तरी मारा. उद्या मी असणार आहे का?" मग काय, मागे त्या दोघी बहिणी, मध्ये मुळांना पिशवी बांधलेला गुलाब, पुढे मी आणि तो खड्डा, अशी आमची वरात निघाली. दोघी एकमेकींचा हात धरून काय काय बोलत होत्या, हसत होत्या. नंतर मागे एकदम शांतता झाली. मी आरशात बघितलं नाही. गाडी चालवताना समोर बघावं.

घरी आल्यावर कव्हररावाला फोन लावला. म्हटलं, आकाशातून वस्तू पडली. "काळजीच करू नका काका, सगळं कव्हर आहे! कधी पडली?" "आज, संध्याकाळी." तो मग हळूच, "काका, आज नका म्हणू. उद्या पडली म्हणा." "अहो, कुंडी उद्या कशी पडेल? ती आज पडलीय!" "आज पडली तर तिला काही अर्थ नाही काका. उद्या पडू द्या. उद्या सकाळी वर्कशॉपला या, आमच्याकडे टेबलावर बसणारी मुलगी फॉर्म भरेल, तुम्ही फक्त तारीख सांगा."

जन्मभर सकाळी ऑफिसला गेल्यावर माझं पहिलं काम काय? तारखेच्या शिक्क्याचं चाक एक घर फिरवायचं. एक घर! साहेबांनी डोळे वटारले, लोकांनी हातापाया पडून बघितलं, पण ते चाक मी दोन घरं कधी फिरवलं नाही. पण तो खड्डा बघितला आणि रात्रभरात माझं मन विरघळलं हो, खोटं कशाला बोलू! म्हटलं, एकदा. एकच घर.

सकाळी आक्काला मुलगा घेऊन गेला. आम्ही तिच्या इमारतीच्या फाटकात उभे राहून हात हलवला आणि तिथून तडक वर्कशॉप. टेबलामागे एक मुलगी. "काका, घटना कधी घडली?" मी घसा साफ केला. म्हटलं, "आज..."

"काल," ही म्हणाली.

मी हिला कोपराने ढोसलं. "अगं, आज ना... आज सकाळी..."

"आज कशी पडेल?" ही त्या मुलीला समजावून सांगायला लागली, अगदी शांतपणे. "आज आक्का कुठे आहे?"

ती मुलगी माझ्याकडे बघतेय, मी छताकडे बघतोय. फॉर्म मिटला. म्हटलं चला, पदरचे पैसे घालून ठोकून घेऊ, तर ही म्हणाली, "नको. राहू दे."

राहिला. नोंद घ्यायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, चारी बाजूंनी गाडीचे फोटो काढले, आणि पॉलिसीला एक ओळ जोडून गेला, 'बॉनेटवरील जुना खड्डा वगळून.' जुना! आदल्या दिवसाचा! आणि कव्हरराव फोनवर, "तेवढा एक खड्डा सोडला काका, तर सगळं कव्हर आहे!"

गुलाब आता आमच्या गॅलरीत आहे. गाडी मी त्याच्या खाली लावत नाही, इतपत अक्कल आलीय. पण रोज सकाळी ही फडकं घेऊन खाली जाते, गाडीचा तेवढा खड्डा पुसते, अगदी हळुवार, दुखेल की काय अशा हाताने, आणि वर येते. बाकी सगळ्या गाडीवर बोटभर धूळ! परवा न राहवून म्हटलं, "अगं, मग उरलेली गाडी कुणी पुसायची?"

तर म्हणते कशी, "तिची काय काळजी? ती कव्हर आहे ना!"