बोलणारं माणूस

तुमी विचारलं म्हणून सांगतो. मले ऑटिझम हाय, हे पस्तिसाव्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं. जवळपास काही मदत भेटते का, म्हणून मी वाशिमच्या एका कार्यालयात गेलो. खिडकीतले बाबू म्हणे, “लेकरू कुठं हाय?”

“मीच होय.”

“अहो, हे लहान लेकरायचं असते.”

“लेकरं मोठे होतात, साहेब.”

त्यायनं रजिस्टर चाळलं. मंग म्हणे, “बरं, मंगळवारी सोबत कोणी बोलणारं माणूस आणा.”

मी सलीमभाईले नेलं. केनवडच्या बाजारात माझ्या मेथीचा लिलाव तेच पुकारतात, अन् त्यायच्यापेक्षा जास्त बोलणारं माणूस मले तरी ठाऊक नाई. बाबूले घरचं माणूस पाहिजे होतं, हे तिथं गेल्यावर समजलं.

बाबूनं फॉर्म काढला. “तुमी याचे कोण?”

“अडत्या.”

“तसं नातं फॉर्मात नाई. तुमी याले मदत काय करता, ते तरी सांगा.”

सलीमभाई खिडकीपाशी वाकले. मंग म्हणे, “साऱ्या बाजारात मी बोंबलतो, साहेब. याच्या मेथीचा भाव तेवढा हळू बोलतो. आवाज वाढला का हा कान दाबते अन् माल तिथंच टाकून निंगून जाते.”

बाबूनं तसंच लिहून घेतलं.

अन् मी सहा वर्षांपासून समजून राह्यलो होतो, का माझ्या मेथीचा नंबर येईपर्यंत त्यायचा गळा बसते.