कोणी येणार नसेल त्या दिवशी

रेगुला : एकच वाक्य काढायचंय, माटिस. बाकी निबंधाला माझी काही हरकत नाही. पोरीने मेहनत घेतलीय, पहिलं बक्षीस तिलाच मिळायला हवं.

माटिस : रेगुलाबाई, आजवर एकाही आश्रयदात्याने निबंधातला शब्द बदललेला नाही. त्या वर्षी संसदेचा जो अध्यक्ष असेल तो आमच्या इतिहास स्पर्धेचा आश्रयदाता. तो येतो, विजेत्याने निवडलेलं पान सभागृहात वाचून दाखवतो, बक्षीस देतो आणि मुलांबरोबर जेवतो. एवढंच.

रेगुला : आणि त्यांच्यातल्या कोणाला स्वतःच्या बापाची निंदा स्वतःच्या तोंडाने वाचावी लागली होती का?

माटिस : नाही. असं पहिल्यांदाच होतंय.

एल्सबेथ : कॉफी घ्या, मास्तर. नासपतीचा पाव घरचाच आहे. आमच्या रेगीला भांडताना खायचं सुचत नाही, तुम्ही तरी खा.

रेगुला : मी भांडत नाहीये, ताई. यांना बर्नहून मुद्दाम शेतावर घेऊन आले ते तुझ्यासाठी. तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तुला सगळं आठवतं. तूच सांग यांना.

एल्सबेथ : काय सांगू?

रेगुला : वेर्नरचं. निबंधात लिहिलंय की गावपंचायतीने या शेतावर कामाला दिलेला तो पोरका मुलगा रोज गोठ्याच्या बोळात जेवायचा. घरच्यांच्या टेबलावर त्याला जागा नव्हती.

माटिस : निबंधात तुमच्या शेताचं नाव नाहीये, बाई.

रेगुला : कुत्र्याचं आहे. बेलो. या खोऱ्यात आमचं नाव माहीत नसेल असा माणूस सापडेल, बेलो माहीत नसेल असा नाही सापडायचा.

एल्सबेथ : खरंय. टपालवाल्याला तीनदा चावला होता.

रेगुला : ताई, हसू नकोस. मी संसदेत बोललेय यावर. अशा कामाला दिलेल्या मुलांना भरपाई द्यायची चर्चा चालली होती तेव्हा उभी राहून सांगितलं, सगळी घरं सारखी नव्हती, आमच्याकडे तो मुलगा आमच्याच टेबलावर बसायचा. वर्तमानपत्रांत छापून आलं. माझं पुढचं सगळं राजकारण त्याच भाषणावर उभं राहिलं म्हटलंस तरी चालेल. आता मीच व्यासपीठावरून उलटं वाचू?

माटिस : मी आनिनाला विचारलं होतं, दुसरं पान निवडतेस का म्हणून. तिने निबंध पाठवला तेव्हा अध्यक्षपदावर तुम्ही नव्हतात, दुसरेच होते. यात तिचा काही डाव नाही.

रेगुला : मग काय म्हणाली?

माटिस : नाही म्हणाली. सगळं काम त्याच पानात आहे म्हणाली. सतरा वर्षांची आहे. माझ्या वर्गात असती तर मी तिला फार छळलं असतं आणि मनातून खूश झालो असतो.

रेगुला : मलाही आवडते अशी पोर. पण खोटं ते खोटं. मी डोळ्यांनी पाहिलंय. वेर्नर बाबांच्या उजव्या हाताला बसलेला. अंगात पांढरा शर्ट, ताटात मांस. बाबांनी त्याला मोठा तुकडा वाढला आणि मला छोटा, म्हणून मी रडले होते. असं काही माणूस मनाने रचत नाही.

माटिस : तुम्ही रचलंत असं मी म्हणतच नाही. पण परीक्षकांनी तिच्याकडे दुसरा साक्षीदार मागितला होता. नुसत्या वेर्नर आजोबांच्या सांगण्यावर बक्षीस देत नाहीत. तिने दिला.

रेगुला : कोण?

माटिस : नाव द्यायचं नाही या अटीवर बोलले ते. मलाही माहीत नाही. फक्त परीक्षकांच्या अध्यक्षांना माहीत आहे.

रेगुला : कोणीतरी शेजारी असणार. बाबांशी बांधावरून वाकडं असलेला.

एल्सबेथ : मी होते.

रेगुला : काय?

एल्सबेथ : मी होते म्हटलं. इथेच बसली होती ती, मास्तर बसलेत तिथे. चांगली पोर आहे. बूट बाहेर काढून आली.

रेगुला : ताई, तू तिला सांगितलंस, तो बोळात जेवायचा?

एल्सबेथ : दुधाच्या कॅनवर बसून. थाळी मीच नेऊन द्यायचे ना. थंडीत थाळी लवकर गार व्हायची म्हणून पळत जायचे, आणि सूप सांडलं म्हणून आईची बोलणी खायचे.

रेगुला : मग मी पाहिलं ते काय?

एल्सबेथ : तू पाहिलंस तेही खरंच. आता नीट आठव. तो मांसाचा दिवस रविवार होता का?

रेगुला : नाही. शाळेचा दिवस होता. शाळेतून आले तर टेबलावर फुलांचं कापड घातलेलं. आई म्हणाली, हात धू आणि तोंड मिटून बस.

एल्सबेथ : शाळेच्या दिवशी आपल्याकडे मांस कधी असायचं?

रेगुला : नसायचं.

एल्सबेथ : टेबलावर आणखी कोण होतं?

रेगुला : एक काका होते. दारामागच्या खुंटीवर त्यांची टोपी होती, हिरवी. त्यांनी मला गोळी दिली.

एल्सबेथ : ते काका नव्हेत गं. पंचायतीचा तपासनीस. पोरांना नीट ठेवलंय की नाही ते बघायला यायचा. येणार असला की आदल्या दिवशी निरोप यायचा. मग वेर्नरला पाटावर बसवून घासायचे, हान्सदादाचा शर्ट चढवायचे आणि बाबांच्या उजव्या हाताला बसवायचे. टोपी घालून साहेब वळणापलीकडे गेला की शर्ट काढायचा आणि परत बोळात.

माटिस : हे निबंधात नाहीये.

एल्सबेथ : तिने विचारलं, रोज कुठे जेवायचा. मी रोजचं सांगितलं.

रेगुला : माझ्या भाषणाच्या वेळी का नाही बोललीस?

एल्सबेथ : धार काढत होते. गोठ्यात रेडिओ चालू होता. तू इतक्या खात्रीने बोलत होतीस की मलाच वाटलं, असू दे, हिच्या वाट्याला तरी चांगलं घर आलं.

रेगुला : नंतर सांगायचंस. फोन करायचास.

एल्सबेथ : त्या पोरीने मला विचारलं, रेगी. तू कधी विचारलं नाहीस. आजही मास्तरांना घेऊन आलीस ती मी काय सांगायचं ते ठरवूनच.

माटिस : मी जरा बाहेर जाऊन गाई बघतो.

रेगुला : बसा. गाई कुठे पळून जात नाहीत. ते वेर्नरचं परत सांगा बरं. तुम्ही त्याला समारंभाला बोलावलं होतंत ना?

माटिस : हो. आनिनाच्या शेजारीच राहतात. मी म्हटलं, जेवणाला मुख्य टेबलावर अध्यक्षबाईंच्या शेजारी तुमची खुर्ची आहे. ते म्हणाले, पाहुणे असतात त्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर पुष्कळ बसलोय. कोणी येणार नसेल त्या दिवशी बोलवायला सांगा.

रेगुला : आणि मी म्हटलं, म्हातारा गर्विष्ठ झालाय.

माटिस : गाडीत दोनदा म्हणालात.

रेगुला : मला लाज वाटतेय, ताई.

एल्सबेथ : वाटू दे. मला किती वर्षं वाटतेय, तुला एक दुपार वाटली तर काय बिघडलं? पाव खा.

रेगुला : माटिस, पान वाचीन मी. जसं आहे तसं.

माटिस : वाक्य?

रेगुला : वाक्य आहे तिथेच राहू दे. परीक्षकांना कळवा, साक्षीदाराचं नाव द्यायला हरकत नाही. नाही ना गं, ताई?

एल्सबेथ : आता कसली हरकत? बाबा काय ओरडायला येणारेत?

माटिस : वाचून झाल्यावर तुम्ही दोन शब्द बोलणार आहात का? पत्रकार असतील, आधी कल्पना असली तर बरं.

रेगुला : बोलेन. कुत्रा कोणाचा होता ते सांगेन. आणि भाषणात मी सांगितलेला दिवस कोणता होता तेही.

माटिस : तुमच्या पक्षाला आवडणार नाही.

रेगुला : पक्षाला हल्ली माझे बूटही आवडत नाहीत. ताई, वेर्नरचा नंबर आहे तुझ्याकडे?

एल्सबेथ : पाठ आहे. दर नाताळला करते. तुझ्याबद्दल विचारतो.

रेगुला : काय विचारतो?

एल्सबेथ : रेगी अजून मांसासाठी रडते का म्हणून. हा घे, लागलाय.

(एल्सबेथ रिसीव्हर पुढे करते.)

रेगुला : वेर्नर? मी रेगी. शेतावरची… हो, तीच… नाही रे, समारंभाचं नाही विचारत, ते राहू दे. गुरुवारी संध्याकाळी शेतावर जेवायला येतोस?… आम्ही दोघीच. उकडलेले बटाटे आणि चीज, दुसरं काही करणार नाही… नाही. कोणी येणार नाहीये.