दामूशेठकडे पाळणाघराची वर्गणी

वर्गणी गोड बोलून मिळते असं वाटतं तुम्हाला? मग ऐका. आमच्या विद्यापीठाच्या आवारातलं पाळणाघर एकाच खोलीचं. लायब्ररीतल्या सुलभाच्या बाळाला तिथं जागा नव्हती, आणि दुसरी खोली बांधली गेली नाही तर तिला नोकरी सोडावी लागणार होती. म्हणून आम्ही दोघी नेरूळ गावात वीटभट्टीवाल्या दामूशेठकडे वर्गणी मागायला गेलो. बाळ अर्थातच तिच्या कडेवर.

मी तोंड उघडलं तोच दामूशेठ कडाडले, "आमच्या जमिनी घेतल्या, तिथं कालेज बांधलं, आता वर्गनी पन आमीच द्यायची? एक पैसा मिलनार नाय!"

बाळानं दचकून भोकाड पसरलं. आम्ही उठलोच. तेवढ्यात दामूशेठची बायको आतून आली आणि तिनं बाळाच्या मुठीत दहाची नोट कोंबली.

"काकी, नको हो," सुलभा ओशाळली.

"गप गो. तान्हं पोर पयल्यांदा घरात आलंय, त्याला रिकाम्या हातानं धाडू? ही वर्गनी नाय."

दामूशेठनी कपाळाला हात लावला.

"बाई, खोलीच्या विटा माज्याकडून फुकट घ्या. नायतर उद्या ही पोरगी अख्खं पालनाघर घेऊन येल, आन् आमची मंडली एकेकाला नोट देत बसंल!"