भट्टीच्या दाराची मूठ

१९७८ साली दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. अंगणात नवऱ्याने पावासाठी विटांची भट्टी बांधलेली आणि आता त्याचाच तळहात भाजलेला.

“दोन पत्र्यांमध्ये राख ठासली की नाही मी? दार बाहेरून गारच होतं!”

“दार गार हो, पण मूठ? लोखंडी सळई आरपार घातलीत. एक टोक भट्टीत, दुसरं तुमच्या हातात.”

“मजबुती नको?”

“लाकडी लावा म्हटलं, तर म्हणे, तुला काय कळतंय!”

“उद्याच्या पन्नास पावांचं काय? पहिलीच ऑर्डर.”

“मी भाजते. तुमचं भाजून झालंय.”

लाकडी मूठ तिनंच बसवली. त्यांची बेकरी पुढे तीस वर्षं चालली; आमच्या घरी पाव तिथूनच यायचा. तो गल्ल्यावर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, “दार मी बनवलंय.”

“आणि मूठ?” ती आतून विचारायची.