अंगावर ड्रेस होता म्हणून

मी मूळची पाचोडची. नसीम माझं नाव, पण वार्डात नावानं कोन हाक मारतंय, सिस्टर म्हणलं की झालं. अब्बा शिंपीकाम करायचे, बाजाराच्या दिवशी जेवायला फुरसत नसायची, आणि माणूस असा, की सुईत दोरा ओवून दे म्हणूनसुद्धा कुणाला म्हणणार नाय. त्यांनीच मला नर्सिंगला घातलं. नातेवाईक म्हणले, पोरीला परक्या बाप्यांची सेवा करायला लावता व्हय, तर अब्बा म्हणले, आजाऱ्यात काय बाई अन् काय बाप्या. झालं, आले मी शहरात, तेव्हापासून इथंच हाय, याच सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वार्डात.

आता काम कसं हाय म्हणून विचारता, तर काय सांगू ताई तुम्हाला. जागा रिकाम्या त्या रिकाम्याच. कोन रिटायर झालं, कोन परदेशात गेलं, तिच्या जागी माणूस येतच नाय, आलीच तर कंत्राटावरची पोरगी येती, तिला दुसरीकडं बरं मिळालं की तीबी जाती, आणि तिला मी कोणत्या तोंडानं थांब म्हणू. वरून मीटिंगमध्ये सांगतात, सिस्टर, पेशंटशी हसून बोलत चला. अहो, हसायला तरी एक माणूस जास्तीचं द्या. आणि आमच्यात नियम हाय, पुढच्या पाळीची सिस्टर येऊन वार्ड ताब्यात घेत नाय तोवर जागा सोडायची नाय. मग घरी कुणी मरो नाहीतर जगो.

यंदा अब्बा घरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. मीच म्हणलं, इकडंच आणा, मी हाय ना. घ्या. हाडाच्या वार्डात ठेवले, पायाला वजन लावलेलं, उठायचं नाय. माझा भाऊ वाळूजला कंपनीत, तो सुट्टी टाकून जवळ बसायचा. एक दिवस डॉक्टरनं त्याला बाहेरून औषध आणायला पाठवलं, तर तो मला फोनवर म्हणला, अब्बा एकटेच हायेत, ड्युटी संपली की जा. ड्युटी संपली, पण माझ्या बदलीची सिस्टर येईना. आली एकदाची, वार्ड तिच्या हवाली केला आणि मी तशीच पळाले, आणि तिथंच चुकले. ड्युटी झाली की अंगावरचा सिस्टरचा ड्रेस बदलल्याबिगर आम्ही दवाखान्यात फिरत नाय, आणि ते का, हे मी घाईत विसरले.

हाडाच्या वार्डात ड्युटीवर एकच सिस्टर, पोरगीच, खाली गाद्यांवर टाकलेले पेशंट धरून सगळा वार्ड तिच्या गळ्यात. मी दारातून आत गेले तर लोकांना वाटलं, दुसरी आली. सिस्टर, सलाईन संपलं. सिस्टर, नळीत रक्त यायलंय. मी म्हणलं, अहो मी इथली नाय, माझे वडील हायेत तिकडं, तर एकजण म्हणला, ड्रेस घालून खोटं बोलता काय. आता नळीत रक्त दिसतंय आणि मी पुढं जाऊ? जाववत नाय ओ. एकाचं केलं की शेजारचा हात धरतो. अब्बा शेवटच्या खाटेवर, तिथून माझ्याकडंच बघत होते, मी हातानं खुणावलं, आलेच.

पोचले तर त्यांनी तोंड भिंतीकडं केलेलं. चादर ओली झालती. लघवीचं भांडं मागायचं होतं त्यांना. मी म्हणलं, अब्बा, त्या पोरीला हाक का नाय मारली. तर म्हणले, तू दिसत होतीस ना बेटा, म्हणून थांबलो.

तेवढ्यात भाऊ आला, चादर बघितली आणि त्या पोरीवरच तुटून पडला, तुम्हा लोकांना माणुसकी नाय, फुकटचा पगार खाता. बहीण नर्स असलेला माणूस बोलतोय बघा हे. मी म्हणलं, तिला बोलायचं नाय, बोलायचं तर वर जाऊन बोल, जिथं माणसं भरायची असतात तिथं. त्या पोरीनं धुतलेली चादर आणून दिली आणि ती पुढच्या खाटेकडं गेली. लई राग आला मला, आणि तो कुणावर काढायचा हेच समजंना, अजून समजत नाय.

अब्बा आता घरी हायेत, काठी घेऊन चालतात, अल्लाचा शुकर. पाय दाखवायला परत यायचंय, तर नको म्हणतात. मी म्हणलं, अब्बा, या वेळेला माझ्या ड्युटीतच या, मी असते. तर म्हणले, ड्युटीवर असलीस तर मग तू मला कुठं भेटायचीस.