उंबऱ्यावर नाव

शेवटच्या साध्या सकाळीही बाबा म्हणाले होते, "दुर्गा, एकदा आमचा कारखाना बघायला ये." ती नेहमीसारखी म्हणाली होती, "उद्या."

ते गेल्यावर महिन्याभराने ती शहराच्या हजीरा भागात आली. बाबांनी, म्हणजे मधुसूदनरावांनी, दाना ओली या जुन्या गल्लीत काढलेला, अंधांचा खुर्च्या विणायचा कारखाना आता इथल्या मोठ्या संस्थेत सामावला होता. बाहेर बाकावर दोन अंध विणकर दार उघडायची वाट बघत होते.

"तुकोजी, उंबऱ्यावर नाव सांगायची ही पद्धत तुम्हीच आणलीत नं?"

"मधुसूदनरावांची आहे, मंदाताई. नाहीतर आपल्याला कसं कळणार, कोण आलं?"

"मग रोज हजेरीनंतर एक जण नाव न सांगता येतो, तो कोण? चोरबीर नाही ना?"

"चोर काठी वाजवत येईल होय?"

"म्हणजे तुम्हालाही ऐकू येते?"

"दाना ओलीपासून ओळखतो मी ती काठी."

"उंबऱ्यावर थांबून विचारतो, दुर्गा आली का?"

"काल मीच त्यांना सांगितलं, 'साहेब, अजून नाही.'"

बाबांची काठी तर ते गेल्यापासून घरी कपाटात होती.

दार उघडलं. दोघांच्या मागोमाग ती उंबऱ्याशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी दुर्गा. आले, बाबा."