हलक्या हाताचा डॉक्टर

दाताच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलेला शिंपी दोनदा बाहेर पळायला उठला होता. शेजारच्या बाकावर आजी-आजोबा बोलत होते.

"नीट लक्ष द्या. हा डॉक्टर दुखवत नसेल, तरच सगळ्या घराला आणायचं."

"दर वेळी मीच का पुढे?"

"बाकीचे सगळे भित्रे. तुम्ही कधी हूं की चूं करत नाही."

"मागच्यानेही मला दुखवलं नव्हतं."

"आणि आपल्या थोरल्याला रडवलं. तुमचंच लक्ष नव्हतं."

"अगं, माझी कवळी आहे. काढून त्याच्या हातात देतो. मला काय दुखणार?"

"झालं. खुर्चीत बसायच्या आधीच कारणं सुरू."

आजोबा आत गेले आणि थोड्याच वेळात हसत बाहेर आले.

"दुखलं?"

"जराही नाही. मी खुर्चीत, कवळी तिकडे बेसिनपाशी. घासून घासून तपासली, मला कळलंसुद्धा नाही. हात फार हलका."

"मग सुनेला सांगते, सगळ्यांची वेळ घे म्हणून."

शिंप्याने गालावरचा रुमाल काढून खिशात कोंबला.

"आजोबा, खरंच दुखत नाही ना?"

"शपथेवर सांगतो."

"मग जातोच," असं म्हणून शिंपी छाती काढून आत गेला.